लास व्हेगसचे स्मरणरंजन : नाण्यांची यंत्रे आणि लाउंजचे गाणे

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास व्हेगस शहराचा साधारण १९४० ते १९८० हा काळ आठवून, किंवा न पाहताही, त्याच्याविषयी जपली जाणारी ओढ. ती दोन गोष्टींभोवती घुटमळते : नाणे टाकून, हँडल ओढून खेळायचे जुगाराचे यंत्र म्हणजे स्लॉट मशीन, आणि कॅसिनोच्या बारमध्ये पहाटेपर्यंत रंगणारे गाणे. ही ओढ डोळ्यांपेक्षा कानांची अधिक आहे. पत्र्यावर पडणारी नाणी आणि पलीकडून येणारा सॅक्सोफोन हे तिचे दोन आवाज, आणि दोन्ही एकाच हिशेबापायी बंद पडले.

बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेला कारागीर चार्ल्स फे याने १८९०च्या दशकात ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवले. त्याच्या तीन चक्रांवर नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा अशी चित्रे होती. तीन घंटा एका ओळीत आल्या की ५० सेंट मिळत. पुढे शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने चेरी, लिंबू, आलुबुखार अशी फळे रूढ केली.

या यंत्राचा आतला भाग पाहण्यासारखा असतो. हँडल खाली ओढले की स्प्रिंग ताणली जाते आणि ती सुटताच चक्रांना एकदम झटका बसतो. भिंतीवरच्या घड्याळात असतात तशी दातेरी चाके वेळ धरून ठेवतात. मग एकेक खिट्टी चक्राच्या खाचेत पडते : डावीकडे खट्, मधे खट्, आणि जीव टांगणीला लावून तिसरे खट्. चक्रांच्या बाजूच्या तबकड्यांना भोके पाडलेली असतात. ती धातूच्या बोटांनी चाचपून यंत्र द्यायची रक्कम ठरवते आणि तेवढी नाणी नळीतून खाली सोडते. या सगळ्यात वीज कुठेही लागत नाही. म्हणूनच ऐंशी-नव्वद वर्षांचे यंत्रही पुसून, तेलपाणी करून पुन्हा चालू करता येते.

जुन्या यंत्राच्या चक्रावर साधारणपणे २० थांबे असत, म्हणजे तीन चक्रांच्या मिळून ८,००० जुळण्या. प्रत्येक चक्रावर जॅकपॉटचे, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाचे, चिन्ह एकदाच असेल तर ते लागण्याची शक्यता ८,०००त एक. यंत्र तेव्हाही मालकाच्याच बाजूने झुकलेले होते, पण चिकाटीच्या माणसाला चिन्हे मोजता येत. १९८४मध्ये इंगे टेलनेस यांना पेटंट मिळालेल्या पद्धतीत चक्र कुठे थांबायचे हे संगणकाने काढलेला आकडा ठरवतो, त्यामुळे काचेमागे दिसणाऱ्या चित्रांवरून शक्यता ताडण्याची सोय उरली नाही. संग्राहकांचा जुन्या यंत्रांवरचा जीव समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. बॅली कंपनीचे ‘मनी हनी’ हे विजेवरचे यंत्र १९६३च्या सुमारास आले आणि पुढे हँडलची गरज संपत गेली. तरीही ते ठेवले गेले, कारण खेळणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होती.

नेवाडाने १९३१मध्ये जुगार कायदेशीर केला. १९४१मध्ये ‘एल रांचो व्हेगस’ आणि १९४६मध्ये ‘फ्लेमिंगो’ ही कॅसिनो-हॉटेले उघडली, आणि हॉटेले गायकांसाठी एकमेकांशी चढाओढ करू लागली. मोठ्या दालनात जेवणासह कार्यक्रम होई. खरी मौज लाउंजमध्ये, म्हणजे कॅसिनोतल्या बारमध्ये असे. तिथे तिकीट नसे. पेल्याचे पैसे द्यायचे आणि हातभर अंतरावरून गाणे ऐकायचे. ‘सहारा’च्या कॅसबार लाउंजमध्ये १९५४पासून गायक लुई प्रिमा, गायिका कीली स्मिथ आणि सॅक्सोफोनवादक सॅम बुटेरा मध्यरात्री सुरुवात करून उजाडेपर्यंत पाच-पाच कार्यक्रम करत. प्रिमा घाम गाळत मंचभर नाचे आणि कीली स्मिथ शेजारी निर्विकार उभी राहून सुरात गाई. ‘सँड्स’च्या कोपा रूममध्ये १९६०च्या सुरुवातीस फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर एकत्र आले, १९६६मध्ये सिनात्रा आणि काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचे तिथलेच ध्वनिमुद्रण झाले. १९५६मध्ये याच शहरात थंड प्रतिसाद मिळालेल्या एल्व्हिस प्रेस्लीने १९६९मध्ये ‘इंटरनॅशनल’ हॉटेलात चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम केले.

गाणे स्वस्त होते, कारण त्याचा खर्च जुगारातून निघे. माणूस गाण्यासाठी आला की येता-जाता यंत्रांच्या रांगांतून जाणारच, हे मालकांना पक्के ठाऊक होते. पुढे प्रत्येक विभागाने आपापला नफा दाखवावा असा आग्रह आला तेव्हा वादक परवडेनासे झाले. १९८९मध्ये हॉटेलांनी वाद्यवृंदांच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत आणायचे ठरवल्यावर वादकांनी दीर्घ संप केला, पण ते पर्व परतले नाही. २०००नंतर नाण्यांच्या जागी जिंकलेल्या रकमेची छापील चिठ्ठी आली. नाणी भरून न्यायचे प्लास्टिकचे पेले आणि नाणी हाताळून काळी पडलेली बोटे इतिहासजमा झाली. नाणी कोसळल्याचा आवाज मात्र पुष्कळ यंत्रांनी ठेवला. तो आता स्पीकरमधून येतो.

या स्मरणरंजनात एक गोष्ट सहसा गाळली जाते, आणि ती गाळणे अन्यायाचे आहे. १९५०च्या दशकात ज्यांच्या गाण्यावर हॉटेले भरत, त्या कृष्णवर्णीय कलावंतांना बहुतेक हॉटेलांत राहायला किंवा जेवायला मज्जाव होता. कार्यक्रम संपला की ते शहराच्या वेस्टसाइड भागात मुक्कामाला जात. मे १९५५मध्ये तिथे सर्व वर्णांसाठी खुले असलेले ‘मूलाँ रूज’ उघडले. नावाजलेले गायकही आपले कार्यक्रम आटोपून तिथे जमत, पण सहा महिन्यांच्या आतच ते बंद पडले. स्ट्रिप म्हणजे मोठ्या कॅसिनोंचा मुख्य रस्ता; तिथल्या हॉटेलांचे दरवाजे सर्वांना उघडण्याचा करार व्हायला मार्च १९६० उजाडला.

मराठी वाचकाच्या अनुभवात या काळाला थेट जोड नाही. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्लॉट मशीनला १९९२च्या कायदादुरुस्तीने परवानगी मिळाली, तोवर यांत्रिक चक्रांचे युग सरले होते. महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्द झाला.

‘सँड्स’ १९९६मध्ये पाडले गेले. पाडलेल्या हॉटेलांच्या निऑन पाट्या लास व्हेगसच्या निऑन म्युझियममध्ये उघड्या अंगणात मांडल्या आहेत. कॅलिफोर्नियात २५ वर्षांहून जुने स्लॉट मशीन जुगारासाठी न वापरता घरी ठेवता येते. जुन्या शहरभागातील ‘एल कोर्तेझ’ या १९४१च्या कॅसिनोने खरी नाणी घेणारी काही यंत्रे इतरांनी ती काढून टाकल्यावरही चालू ठेवली. तिथे जिंकलेली नाणी पत्र्याच्या तबकातच पडत राहिली.