वेंबनाडच्या बेटावरचे ५४ व्हिला: पाडकामामागची गोष्ट

केरळच्या वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुत्तू बेटावरचे कापिको रिसॉर्टचे ५४ व्हिला सप्टेंबर २०२२ मध्ये पाडायला घेतले. बातम्यांत झळकली ती यंत्रं आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. ज्यांनी हा वाद धसास लावला ते पारंपरिक मच्छीमार चार ओळींत आटोपले गेले. हे मला फार खटकतं, कारण सगळं सुरू झालं ते त्यांच्या जाळ्यांपासून.

वेंबनाडमध्ये समुद्राची भरती-ओहोटी आतपर्यंत पोहोचते आणि इथली बरीचशी मासेमारी पाण्याच्या त्या ओढीवर चालते. तळात खांब रोवायचे, दोन खांबांच्या मध्ये टोकाला निमुळती होत जाणारी जाळ्याची पिशवी बांधायची. ओहोटीला पाणी समुद्राकडे धावू लागलं की त्याच्याबरोबर कोळंबी पिशवीत शिरते. यात ना इंजिन, ना पाठलाग. पण खांबांची जागा ठरलेली असते. प्रवाह कुठे जोर धरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून ती हेरलेली असते. ती गेली की रोजीरोटीच गेली. म्हणूनच बेटाभोवतीच्या पाण्यावर रिसॉर्टची छाया पडली तेव्हा मच्छीमार गप्प बसले नाहीत.

त्याआधीही सरोवराचे लचके तोडले जातच होते. दक्षिणेला कुट्टनाडमध्ये बांध घालून, पाणी उपसून भातशेती केली गेली. चित्तिरा, मार्ताण्डम आणि राणी ही मोठी शेतं १९४० च्या दशकात अशीच उभी राहिली. मग सत्तरच्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा आला. भाताला खारं पाणी लागू नये म्हणून उन्हाळी महिन्यांत त्याचे दरवाजे बंद ठेवतात. भात वाचतो, पण समुद्रातून वर येणाऱ्या कोळंबीची वाट अडते. शेतीची गरज खरी होती, हे मान्य. तिची किंमत मात्र मासे पकडणाऱ्यांनी मोजली.

२००२ मध्ये वेंबनाडला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारी किनारपट्टी नियमनाची अधिसूचना तर १९९१ पासूनच लागू होती आणि भरतीचं पाणी पोहोचणारी अशी सरोवरंही तिच्या कक्षेत येत होती. तरीही २००७ मध्ये पाणावल्ली ग्रामपंचायतीने बांधकाम परवाना दिला. किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी नव्हतीच. पंचायतीचा कागद हाती असला की सगळं नियमात बसलं, असा समज आपल्या देशात किती खोलवर रुजलाय, ते इथे दिसतं.

मच्छीमार उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नेडियतुरुत्तूवरचं कापिको रिसॉर्ट आणि शेजारच्या वेट्टिलतुरुत्तू बेटावरचं वामिका रिसॉर्ट, दोन्ही पाडायला सांगितली. वामिकाचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळलं. कापिकोचं प्रकरण मात्र १० जानेवारी २०२० पर्यंत लांबलं. निकाल तोच राहिला: बांधकाम बेकायदा, पाडा. दुसऱ्याच दिवशी कोचीजवळ मरडूचे, किनाऱ्याचे नियम मोडूनच बांधलेले गगनचुंबी इमले स्फोटकांनी जमीनदोस्त होऊ लागले आणि देशाचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

पुढची अडीच वर्षं बेटावरची एक वीटही हलली नाही. साथीचा काळ होता, पण एवढ्या विलंबाला ते कारण पुरत नाही. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये जिल्हा प्रशासनाने बेटावरची २.९ हेक्टरांहून थोडी अधिक सरकारी जमीन ताब्यात घेतली आणि १५ तारखेला पहिल्या व्हिलावर घाव पडला. राडारोडा पाण्यात पडणार नाही हे सांभाळत, एकेक भिंत उतरवत काम चाललं. पाडकामानेच सरोवर बिघडलं असतं तर खटला जिंकून काय मिळालं असतं? हे कामही पुन्हा रेंगाळलं आणि सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या कारवाईचा इशारा दिल्यावरच मार्च २०२३ मध्ये उरकलं.

तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे तिथेच आहे. त्याचे दरवाजे कधी उघडायचे यावरून भातशेतकरी आणि मच्छीमार यांची ओढाताण दर हंगामात होते, आणि तिचा निवाडा अशा पाडकामाच्या आदेशाने होणारा नाही.