इंजेक्शन चालू आहे, मग पीएसए परत का चढला?

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन वेळेवर, ते हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन पार तळाला, आणि तरी काही काळाने पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, रक्तात मोजतात) वर सरकायला लागतो. मग इंजेक्शन बोगस होतं का? नाही हो, ते आपलं काम करतंय, गडबड पेशीच्या आत झालेली असते.

१९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की वृषणं काढून किंवा इस्ट्रोजेन देऊन टेस्टोस्टेरॉन पाडलं तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरसुद्धा दबतो. १९६६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आजची इंजेक्शनं तेच काम ऑपरेशनशिवाय करतात.

पेशीत गेल्यावर टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होतं, ते आणखी जहाल. हे डीएचटी अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या प्रोटीनला चिकटतं, आणि तोवर नुसतं बसून असलेलं हे प्रोटीन थेट केंद्रकात घुसून डीएनएवर बसतं आणि वाढीची जीन्स चालू करतं. पीएसएचं जीनही त्याच्याच हुकमातलं. म्हणजे हार्मोन नसताना पीएसए चढतोय याचा अर्थ बहुतेक वेळा रिसेप्टर परत कामाला लागलाय.

आता कॅन्सरचा बेरकीपणा बघा. काही पेशी रिसेप्टरच्या जीनच्या ढीगभर कॉप्या करून ठेवतात, मग चिमूटभर हार्मोनही पुरतं. काहींच्या रिसेप्टरमध्ये असा बदल होतो की जे औषध त्याला अडवायला दिलं तेच त्याला चालू करतं (फ्लुटामाइडच्या काळात औषध बंद केल्यावर पीएसए उतरलेले पेशंट डॉक्टरांनी पाहिलेत). काही पेशी मीटर तोडल्यावर आकडा टाकल्यासारख्या अॅड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या कच्च्या मालापासून स्वतःच हार्मोन बनवतात. अॅबिराटेरोन हे औषध हीच वाट बंद करतं, पण त्यात कॉर्टिसोल हे शरीराला लागणारं हार्मोनही घटतं म्हणून सोबत प्रेडनिसोलोनची गोळी असते, ती मनानं बंद करू नका प्लीज.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे एआर-व्ही७, अँड्रोजन रिसेप्टरचंच तोकडं रूप. हार्मोन जिथे चिकटतं तो तुकडाच या रिसेप्टरला नसतो, तरी तो कायम चालू. रिसेप्टर अडवणारं एन्झालुटामाइड हे औषध नेमकं त्याच तुकड्यावर बसतं, मग बसणार कुठे?

पसरताना या पेशींना हाडं फार आवडतात, खास करून मणके आणि कंबरेची. तिथे त्या एंडोथेलिन-१ सारखी रसायनं सोडून हाड बनवणाऱ्या पेशींना चिथावतात, आणि बदल्यात हाडातले ग्रोथ फॅक्टर त्यांनाच मिळतात. म्हणून एक्स-रेत तो भाग पोकळ न दिसता उलट पांढराफटक दिसतो, पण हे नवं हाड वेडंवाकडं रचलेलं, दुखणारं आणि मोडणारं.

आणि काही ट्यूमर तर शेवटी रिसेप्टरचा नादच सोडतात. आरबी१, टीपी५३ ही लगाम घालणारी जीन्स गमावून ते न्यूरोएन्डोक्राइन (मज्जापेशी आणि हार्मोन सोडणाऱ्या पेशींसारखं) रूप घेतात, तेव्हा आजार यकृतापर्यंत गेला तरी पीएसए कमीच दिसू शकतो, म्हणून आकडा छान असूनही तब्येत ढासळत असेल तर डॉक्टर स्कॅन आणि परत बायोप्सी सांगतात.