शब्दकोड्यातला एस्टर

इंग्रजी शब्दकोडी नेमाने सोडवणाऱ्याला 'एस्टर' हा शब्द ठाऊक असतोच, मग त्याने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं असो वा नसो. 'सुगंधी संयुग, पाच अक्षरं' असं दिसलं की हात आपोआप ई-एस-टी-ई-आर लिहून मोकळा होतो. कोडं रचणाऱ्यांना हा शब्द आवडतो, कारण ही अक्षरं इंग्रजीत सतत लागणारी, त्यामुळे अडचणीच्या कोपऱ्यातही तो बसतो. गूढ कोड्यांत तर रीसेट, स्टीअर, टर्स किंवा ट्रीज, कशाचीही अक्षरं फिरवली की एस्टर तयार!

हे नाव 1848 मध्ये लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनतज्ज्ञाने दिलं. सेंद्रिय आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर बनतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. परीक्षानळीत थोडं ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) आणि इथेनॉल हे अल्कोहोल घ्यायचं, तीव्र गंधकाम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळी गरम पाण्यात धरायची. नंतर ते मिश्रण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओतलं की फसफसून उरलेलं आम्ल संपतं आणि गोडसर फळांसारखा वास येतो. हा इथिल ॲसिटेट.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते ब्युटिरिक आम्ल. खवट लोण्याची ती दुर्गंधी नाकाशी नको वाटते, पण त्याचा इथेनॉलशी एस्टर केला की अननसाचा घमघमाट सुटतो. आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. एस्टरच्या रेणूंना आपापसांत तसं धरता येत नाही, म्हणून ते पटकन हवेत उडतात. ॲसेटिक आम्ल 118 अंश सेल्सिअसला उकळतं, तर त्याहून जड असलेला इथिल ॲसिटेट 77 अंशांनाच. केळ्याचा वास मुख्यतः आयसोअमिल ॲसिटेट या एस्टरचा. मधमाश्या डंख मारताना धोक्याचा इशारा म्हणून हेच रसायन सोडतात, त्यामुळे पोळ्याजवळ केळं खाऊ नये असं मधुमक्षिकापालक सांगतात.

पण सुगंध ही फक्त लहान एस्टरांची ओळख, आणि कोडी नेमकी तेवढ्यावरच थांबतात. शेंगदाण्याचं तेल, तूप, चरबी हे सगळे ग्लिसरॉल या अल्कोहोलचे एस्टर आहेत. त्यांचे रेणू इतके मोठे की ते सहजी उडत नाहीत. कॉस्टिक सोड्याने हेच एस्टर फोडले की साबण मिळतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात तर आम्ल आणि अल्कोहोल यांना सांधणारे असे शेकडो एस्टर-जोड एका साखळीत असतात.

ॲस्पिरिनही एस्टरच. गोळ्यांची बाटली दमट जागी राहिली तर हवेतलं पाणी हा जोड हळूहळू तोडतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला, तर त्या गोळ्या खराब झाल्या आहेत, घेऊ नका.