घरच्या घरी गणित : पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

लातूरच्या गंजगोलाईतल्या आमच्या दुकानात पालक येतात ते बहुधा 'पाढ्यांचं पुस्तक द्या' म्हणत. पुस्तक आम्ही देतोच. पण लेकरू पाढे घडाघडा म्हणतं आणि साध्या वजाबाकीत अडतं, ही तक्रार घेऊन त्यातले बरेच जण पुन्हा येतात. म्हणून हे पत्रक. आकडा वहीत लिहायच्या आधी तो मुलाच्या हातात यायला हवा, एवढंच आमचं म्हणणं.

जुड्या आणि सुट्ट्या

आम्ही विकतो त्या गणिताच्या संचात १०० काड्या आणि रबरबँड आहेत. दहा काड्या मोजून रबर लावलं की एक जुडी, म्हणजे दशक. उरल्या त्या सुट्ट्या, म्हणजे एकक. जुड्या मुलालाच बांधू द्या. तुम्ही बांधून दिल्या तर निम्मं शिकणं तिथंच गेलं.

आता ४२ मधून १७ वजा करायला सांगा. पुष्कळ मुलं वहीत ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, मग ती सातातून दोन काढून मोकळी होतात. काड्या घेऊन बसा. चार जुड्या, दोन सुट्ट्या. सात काड्या मागा. सुट्ट्या पुरत नाहीत म्हटल्यावर एका जुडीचं रबर काढावंच लागतं. त्या दहा आणि आधीच्या दोन, झाल्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. तीन जुड्यांतली एक दिली, दोन उरल्या. पंचवीस! 'उसना' घेतला म्हणजे काय केलं, ते आता डोळ्यांसमोर आहे. हातचा याच्या उलट : दहा सुट्ट्या जमल्या की रबर लावायचं.

यासाठी संच विकतच घ्यायला हवा असं नाही. गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्याही चालतात. चिंचोके असतील तर दहा-दहा वाट्यांत ठेवा. फक्त घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके नकोत.

पंचवीस की बावन्न?

पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून मूल ५२ लिहून बसतं. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारं मूलही 'ढ' नसतं. पन्नास त्याने बरोबर ऐकलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. आम्ही म्हणतो, घरात दोन्ही चालू द्या : 'वीस आणि पाच, पंचवीस.' एकोणपन्नाससाठी १०० मण्यांची माळ घ्या. दर दहा मण्यांनी रंग बदलतो. पन्नासपर्यंत जायचं आणि एक मणी मागे यायचं.

पाढे पाठ हवेतच, आम्ही काही त्यांच्या विरोधात नाही. पण आठाचे सात विसरले तर मुलाला ते पुन्हा काढता यावेत. आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडा. पाच ओळींचे चाळीस, दोन ओळींचे सोळा, मिळून छप्पन्न.

'आम्हालाच गणित येत नाही' असं म्हणणारी आई रोज किराण्याचा हिशेब तोंडी करते. तोच मोठ्याने करा. पाव किलो एवढ्याला, तर पाऊण किलो केवढ्याला? एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. ते किती होईल, हे मुलालाच काढू द्या.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका, 'कसं काढलंस?' विचारा. चूक कुठं झाली ते बऱ्याचदा सांगतासांगता त्याचं त्यालाच कळतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेतही तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवता यावीत, एवढंच गणिताचं उद्दिष्ट आहे. लातूर पॅटर्नची, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी करतात त्या कसून तयारीची घाई दुसरीतल्या पोरामागं लावू नका. त्याला पुढं वेळ आहे.

संचात काड्या, रबरबँड, मण्यांची माळ, खेळातल्या नोटा आणि दोन फासे आहेत. माळेचा दोरा तुटला तर मणी गोळा करून दुकानात आणा. ओवून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. हरवलेले मणी सुटेही मिळतात.