हालश्टाटचा सरकता डोंगर

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचा फोटो बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला असतो. तळ्याच्या काठाला चिकटलेली घरं, त्यांच्यातून वर डोकावणारा चर्चचा टोकदार मनोरा आणि लगेच मागे उभा कडा. वस्ती आठशेच्या आत. तरी सरकारदरबारी हे साधं खेडं नाही, ‘बाजारगाव’ आहे. ऑस्ट्रियात गाव आणि शहर यांच्या मधला हा दर्जा पूर्वी राजघराण्याकडून मिळायचा. हालश्टाटला तो १३११ मध्ये राणी एलिझाबेथने दिला. तिचा नवरा, हाब्सबुर्ग घराण्यातला राजा आल्ब्रेख्त पहिला, याचा तीन वर्षांपूर्वी खून झाला होता. तिने इथल्या खाणीची घडी नव्याने बसवली आणि त्याच वेळी गावाला हा हक्क दिला. शेतीला वीतभर सपाट जमीन नसलेल्या या गावाकडे एका राणीने एवढं लक्ष द्यावं, याचं कारण फोटोत येत नाही. ते घरांच्या मागे, तळ्यापासून साडेतीनशे-चारशे मीटर उंचीवरच्या एका अरुंद दरीत, डोंगराच्या पोटात आहे. तिथे मीठ आहे.

कोकणातल्या मिठागरांची सवय असलेल्या आपल्याला डोंगरातलं मीठ जरा विचित्रच वाटतं. पण तेही समुद्राचंच आहे, फक्त सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा इथे उथळ, आटत जाणारा समुद्र होता. पाणी आटून मीठ आणि जिप्सम खाली बसे, मध्येच चिकणमाती वाहून येई, मग पुन्हा मीठ. पुढच्या काळात त्यावर उबदार समुद्रातल्या चुनखडीचे प्रचंड थर साचले. आजचा २,९९५ मीटर उंचीचा डाखश्टाइन त्याच चुनखडीचा आहे. नंतर आफ्रिकेच्या बाजूने रेटा आला, आल्प्स उचलले जाऊ लागले आणि चुनखडीची भलीमोठी ताटं एकमेकांवर सरकली. सरकताना वंगणाचं काम केलं ते या मऊ मिठाने. त्यात त्याचा स्वतःचा पार चुराडा झाला. थर शिल्लकच राहिले नाहीत. मीठ, चिकणमाती, जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइट यांचा एक कालवलेला खडक तयार झाला. ऑस्ट्रियन खाणकामगार त्याला ‘हाझलगेबिर्गे’ म्हणतात. त्यात निम्म्याहून जास्त मीठ असतं, पण जागोजागी प्रमाण बदलतं.

आल्प्सच्या एवढ्या पावसात हे मीठ विरघळून गेलं कसं नाही? वरच्या भागातलं गेलंच. पण मीठ गेल्यावर मागे उरली ती चिकणमाती, आणि तिनेच खालच्या साठ्यावर पाणी न झिरपणारं झाकण घातलं. जोवर हे झाकण शाबूत आहे, तोवर मीठ सुरक्षित. खाण खणणं म्हणजे याच झाकणाला भोक पाडणं. हालश्टाटच्या खाणीच्या इतिहासातली बरीचशी संकटं तिथूनच सुरू होतात.

मिठाची दुसरी खोड म्हणजे ते दाबाखाली वाहतं. द्रवासारखं नव्हे, अगदी सावकाश, पण पोकळी ठेवली तर काही वर्षांत आणि शतकांत ती बुजवून टाकतं. त्यावर प्लासनसारखा १,९५३ मीटर उंचीचा कडक चुनखडीचा डोंगर उभा असेल तर काय होईल? मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर पाटा ठेवल्यासारखंच. खालचं दबून बाजूला पसरतं, वरचा कडक खडक ताण सोसू न शकल्याने तडकतो, भेगा रुंदावतात आणि कड्याचे तुकडे सुटून खाली येतात. खाली मऊ, वर कडक अशी रचना घसरणीच्या अभ्यासकांना नेहमी इथे खेचून आणते.

तीन हजार वर्षांपूर्वीची खाण

दरीत सापडलेली हरणाच्या शिंगाची एक कुदळ सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे मिठाचा शोध तेव्हाच लागला होता. संघटित खाणकामाचा भक्कम पुरावा मिळतो तो कांस्ययुगापासून, इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या आसपास. तेव्हाचे कामगार चिकणमातीचं झाकण आणि निकस खडक भेदत सुमारे शंभर मीटर खोल उभे शाफ्ट खणायचे आणि त्यातल्या त्यात शुद्ध मिठाचे पट्टे गाठायचे. हत्यार म्हणजे कांस्याचं टोक बसवलेली, लाकडी दांड्याची कुदळ. उजेडासाठी फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या लांब, बोटभर रुंद चिपा पेटवायच्या. फोडलेलं मीठ पाठीवरच्या कातडी पिशवीत भरायचं आणि लिंडनच्या सालीच्या दोरांनी वर ओढायचं.

हे इतक्या तपशिलात सांगता येतं, कारण मीठ लाकूड, कातडं, लोकर, काहीच कुजू देत नाही. हजारो जळक्या चिपा, तुटके दांडे, रंगवलेल्या कापडांचे तुकडे त्यांनी जिथे टाकले तिथेच राहिले. नंतर मिठाने पोकळी दाबून बुजवली आणि हा सगळा कचरा खडकातच मुरला. आजचे पुरातत्त्वज्ञ उत्खनन करतात ते मातीत नव्हे, या पुन्हा घट्ट झालेल्या खारट कचऱ्यात.

२००३ मध्ये याच कचऱ्यात एक लाकडी जिना सापडला. वृक्षवलयांवरून त्याची झाडं इ.स.पू. १३४४ आणि १३४३ मध्ये तोडल्याचं निघालं. युरोपात सापडलेला हा सर्वात जुना लाकडी जिना. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. दोन बाजूंना दोन ओंडके, त्यांना आतून खाचा आणि खाचांमध्ये अडकवलेल्या पायऱ्या. खिळा एकही नाही. पायरी खाचेत हव्या त्या कोनात बसवता येते, त्यामुळे चढ तीव्र असो वा सौम्य, पायरी सपाटच राहते. जमिनीचा उतार सतत बदलणाऱ्या खाणीत, सुटे भाग आत नेऊन जोडायचे असतील तर याहून चांगली युक्ती सुचणं कठीण.

लोहयुगात, साधारण इ.स.पू. नवव्या शतकानंतर, पद्धत बदलली. मिठाच्या भिंतीवर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या खोल चऱ्या पाडून मोठ्या लाद्या सोडवल्या जाऊ लागल्या. अर्धवट सोडलेले आकार भिंतींवर अजून दिसतात. हे लोक खात काय होते, तेही मिठाने जपलं आहे. वाळलेल्या मानवी विष्ठेत बाजरीच्या जातीचं धान्य, जव, घेवड्यासारख्या मोठ्या कडधान्याच्या साली आणि जंतांची अंडी सापडतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या एका नमुन्यात ‘पेनिसिलियम रोकफोर्टी’ ही निळ्या चीजमधली बुरशी आणि बिअरचं यीस्ट, दोन्ही आढळली.

खाणीशेजारच्या दफनभूमीने तर अख्ख्या युगाला नाव दिलं. खाणीचे प्रमुख योहान गेओर्ग रामसाउअर यांनी १८४६ ते १८६३ या काळात ९८० थडगी उकरली. त्या काळी खजिना काढून घ्यायचा आणि हाडं फेकायची हीच रीत होती. यांनी मात्र प्रत्येक थडग्याला क्रमांक दिला आणि सापळा व वस्तू जशा होत्या तशा जलरंगात चितारून घेतल्या. आता थडग्यांची संख्या दीड हजाराच्या घरात आहे. बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर, तलवारीच्या मुठीवर हस्तिदंत अशा वस्तू इथे आहेत. मीठ किती दूर जात होतं आणि बदल्यात काय येत होतं, ते यावरून कळावं. १८७४ मध्ये स्वीडिश पुरातत्त्वज्ञ हान्स हिल्डेब्रांड यांनी युरोपच्या लोहयुगाचे दोन भाग पाडले, तेव्हा इ.स.पू. ८०० ते ४५० च्या आसपासच्या पहिल्या भागाला हालश्टाटचं नाव मिळालं.

ही प्राचीन खाण कशी थांबली? डोंगर घसरला. इ.स.पू. चौथ्या शतकात भिजलेल्या माती-दगडाचा लोंढा दरीत उतरला आणि लोहयुगीन खाण गाडली गेली. १७३४ मध्ये आधुनिक खाणकामगारांना खडकात चपटा झालेला एक माणूस सापडला, कपड्यांसकट. बहुधा अशाच एखाद्या दुर्घटनेचा बळी. ख्रिस्तपूर्व काळातला म्हणजे धर्मबाह्य, म्हणून त्याला दफनभूमीच्या पवित्र न मानलेल्या कोपऱ्यात पुरून टाकलं. मिठाने दोन हजारांहून जास्त वर्षं राखलेलं शरीर ओल्या मातीत किती टिकणार! योगायोग असा, की त्याच वर्षी सम्राट चार्ल्स सहावा याने या परगण्यातल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना जबरदस्तीने ट्रान्सिल्व्हानियात हलवायला सुरुवात केली. जिवंतांच्या धर्माचा हिशेबही तितकाच कडक होता.

कुदळीऐवजी पाणी

मध्ययुगात खाणीने काम पाण्यावर सोपवलं. हाझलगेबिर्गेत मीठ आणि माती इतकी कालवलेली असते, की फोडून निवडत बसणं परवडत नाही. त्याऐवजी डोंगरात एक खोली कोरायची, तीत गोडं पाणी भरायचं आणि काही आठवडे थांबायचं. मीठ विरघळतं, चिकणमाती तळाशी बसते. पाण्याने वजनाच्या सुमारे २६ टक्के मीठ घेतलं की ते आणखी घेत नाही. त्या वेळी त्याची घनता साध्या पाण्याच्या १.२ पट होते. मग ते सोडून द्यायचं आणि पुन्हा पाणी भरायचं.

यात एक गंमत आहे. जड झालेलं खारं पाणी खाली जातं आणि हलकं, भुकेलं पाणी वर राहतं, म्हणून छत सर्वात वेगाने विरघळतं. तळावर मातीचा थर चढत जातो. परिणामी, खोली दर फेरीला थोडी वर सरकते. कडेच्या भिंतीही खात जातात, त्यामुळे छत रुंद होतं. मोजमाप चुकलं तर दोन शेजारच्या खोल्या एकमेकींत फुटतात किंवा आधार गेलेलं छत कोसळतं. अशा खोल्यांचे नकाशे काटेकोर ठेवणं हा या धंद्यातला निम्मा जीव.

पुढचं काम म्हणजे आटवणं. समुद्राच्या पाण्यातून एक किलो मीठ काढायला सुमारे २७ किलो पाणी उडवावं लागतं. इथे फक्त पावणेतीन किलो. पण आपल्याकडे ते ऊन फुकट करतं, आल्प्समध्ये लाकूड जाळावं लागायचं. उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं, तरी किलोभर मिठामागे अर्धा किलो कोरडं लाकूड लागतं. उघड्या कढईत त्याच्या कितीतरी पट जास्त. आसपासचं जंगल या भुकेला पुरेना.

मग लाकूड पाण्याकडे आणण्याऐवजी पाणी लाकडाकडे न्यायचं ठरलं. १५९५ ते १६०७ या काळात हालश्टाटहून एबेनझे गावापर्यंत सुमारे ४० किलोमीटरची नळवाहिनी झाली, तीही लाकडाची. सुमारे १३,००० ओंडके आतून पोकळ करून, टोकाला टोक जोडून डोंगरउतारावर अंथरले. पंप नाही, फक्त उतार. हिवाळ्यातही ती चालू राहू शकते, कारण संपृक्त खारं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. दुखणं होतं सांध्यांचं आणि दरडींचं. खरी अडचण होती ती गोसाऊ नाल्याची. नळ दरीत उतरवून पलीकडे चढवला, तर तळाशी दाब साचतो. ४३ मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे पाच वातावरणांइतका भरतो, आणि लाकडी सांध्यांना तो झेपत नाही. १७५७ मध्ये तिथे जवळपास तेवढ्याच उंचीचे दगडी खांब बांधून वाहिनी वरच्या वर पलीकडे नेली. ते खांब आजही उभे आहेत.

जागा नसलेलं गाव

खाली गावात प्रश्न वेगळाच. तळं १२५ मीटरपर्यंत खोल, कडा सरळ. घरं बांधायला मिळाली ती ओढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाची जागा : जुनी बाजारपेठ म्यूलबाखच्या गाळावर, लान हा भाग वाल्डबाखच्या. ओढ्याने दिलेली जमीन ओढा अधूनमधून परत मागतो. जून २०१३ च्या वादळात म्यूलबाख चिखल-दगड घेऊन थेट बाजारपेठेतून गेला. १७५० च्या आगीत जुनी लाकडी पेठ जळाली. चौकातली आजची घरं बरीचशी त्यानंतरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावात धड रस्ता नव्हता. होडी, नाहीतर पायवाट. १८७७ मध्ये रेल्वे आली तीही समोरच्या काठाने. आणि १९६६ मध्ये मोटारींसाठी डोंगरातून बोगदा काढला, म्हणून काठावरची घरं वाचली.

मेलेल्यांनाही जागा पुरेना. दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडायचं, कवटी स्वच्छ करून उन्हावाऱ्यात पांढरी होईपर्यंत ठेवायची, मग तिच्यावर नाव, साल आणि पानाफुलांची माळ रंगवून सेंट मायकेलच्या चॅपेलमध्ये घराण्यानुसार मांडायची. तिथे सुमारे १,२०० कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. हे विचित्र वाटलं तरी विज्ञानाला हे घबाड आहे. नावं आणि चर्चच्या नोंदी जुळवून कोण कोणाचं मूल हे ठरवता येतं, आणि कवटीचा आकार किती प्रमाणात वंशपरंपरेने येतो हे मोजता येतं. एवढा नावनिशीवार साठा फारच थोड्या ठिकाणी मिळतो.

१९९७ मध्ये हा परिसर जागतिक वारसा झाला, २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गावाची प्रतिकृती उभी राहिली, आणि आता वर्षाला दहा लाखांच्या आसपास माणसं इथे येतात. २०२० पासून पर्यटक बसला आधी वेळ आरक्षित करावी लागते. स्वतंत्र जाणाऱ्याने रेल्वे धरावी. समोरच्या काठावर उतरलं की होडी मिळते. खाणीत वर्षभर सुमारे ८ अंश तापमान असतं, तेव्हा जूनमध्येही जाकीट हवं. तो कांस्ययुगीन जिना आत पाहता येतो, पण सापडला त्या जागी नाही. तिथे डोंगराचा दाब त्याला चिरडत होता, म्हणून एकेक भाग सोडवून तो खाणीतच दुसऱ्या दालनात पुन्हा जोडला आहे. खाण अजून चालू आहे. पाणी आता खोदलेल्या विहिरींतून सोडलं जातं आणि खारं पाणी नळातून एबेनझेलाच जातं.