उरुळीकांचनच्या निसर्गोपचाराची पार्श्वभूमी

शरीर आणि मन यांचा एकत्र विचार करणाऱ्या, रुग्णाला स्वतःची राहणी बदलायला लावणाऱ्या उपचारांची चर्चा आज नव्याने होत असली, तरी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला हे काम 1946 मध्येच सुरू झाले आणि त्याची मुळे त्याहून सुमारे चाळीस वर्षे मागे, दक्षिण आफ्रिकेत आहेत.

जोहान्सबर्गला वकिली करत असताना गांधीजींना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी सतावत असे. लुई कूने आणि ॲडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांचे विचार त्यांच्या वाचनात आले. जुस्ट यांच्या सांगण्यावरून स्वच्छ माती थंड पाण्यात कालवून, तलम कापडावर लेपासारखी पसरून ती रात्री झोपताना पोटावर बांधायची आणि मध्येच जाग आली तर तेव्हा, नाहीतर सकाळी काढायची, असा क्रम त्यांनी सुरू केला. या मातीच्या पट्टीपेक्षा तिच्यामागची धारणा मला मोलाची वाटते: आजार हा आपल्या राहणीचा परिणाम आहे, म्हणून औषधाने तो दबला तरी राहणी बदलल्याखेरीज माणूस बरा झाला असे म्हणता येत नाही.

याच गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना, जानेवारी 1924 मध्ये, ससून रुग्णालयात इंग्रज शल्यचिकित्सकाकडून आंत्रपुच्छाची (अपेंडिक्सची) शस्त्रक्रिया करून घेतली होती. निसर्गोपचाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये, असे मनापासून वाटते.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजींनी तिथे अनेकदा मुक्काम केला. ते गरिबांसाठी चालवावे असा त्यांचा मनोदय होता. परंतु शहरातली संस्था खेड्यातल्या गरिबाच्या उपयोगी पडणार नाही हे ध्यानात येताच त्यांनी आपली चूक उघडपणे कबूल केली आणि मार्च 1946 मध्ये ते उरुळीकांचनला आले. तिथे त्यांनी स्वतः रुग्ण तपासले. सूर्यस्नान, कटिस्नान (कंबर पाण्यात बुडेल असे टबात बसणे), दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी आणि या सगळ्याच्या जोडीला रामनाम, असे त्यांचे उपचार होते. मनाचा भाग त्यांनी असा उपचारातच धरला होता. खेड्यासाठीच्या या पद्धतीत सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण यांना मात्र त्यांनी जागा ठेवली नाही. ससूनचा अनुभव पाहता ही मर्यादा मला पटत नाही.

गांधीजींचा मुक्काम काही दिवसांचाच होता. पुढे आश्रम उभा राहिला तो मणिभाई देसाई आणि विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांच्या चिकाटीवर. बाळकोबा स्वतः क्षयातून उठलेले होते. मणिभाईंनी आश्रमाबरोबर गावातली शेती आणि गाईगुरेही हाती घेतली आणि त्याच कामातून 1967 मध्ये ‘बाएफ’ (भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन) ही शेती आणि पशुपालनाचे काम करणारी संस्था निघाली. पुण्यातल्या मेहतांच्या जुन्या केंद्राच्या जागी 1986 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था काम करते.