शिरेच्या रुंदीवरून शरीरातील पाणी मोजता येते का?

उन्हाळा वाढला की दवाखान्यांत 'अशक्तपणा आला आहे, एक सलाइन लावा' अशी मागणी हमखास होते. वास्तविक साध्या सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, त्यात ताकद देणारे काहीही नसते; आणि ज्याला तोंडाने पाणी किंवा ओआरएस घेता येते, त्याला बहुधा तिची गरजही नसते. उलट पटकीने कोसळलेल्या रुग्णाला शिरेवाटे द्रव वेळेवर मिळाला नाही तर तो दगावतो, आणि हृदय दुबळे असलेल्या रुग्णाला तोच द्रव जास्त झाला तर फुप्फुसांत पाणी साचते. कोरडी जीभ आणि चिमटीत धरलेली त्वचा या शरीरातील पाणी घटल्याच्या जुन्या खुणा वृद्धांमध्ये फसव्या ठरतात, म्हणून अतिदक्षता विभागातील डॉक्टर आता रुग्णाच्या खाटेपाशीच सोनोग्राफी करून पोटातील एक मोठी शीर पाहतात.

ही शीर म्हणजे अधोमहानीला. शरीराच्या खालच्या भागातील अशुद्ध रक्त ती हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, आणून सोडते. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवला की यकृतामागून जाणारी ही शीर पडद्यावर काळ्या पट्ट्यासारखी दिसते, कारण रक्ताकडून ध्वनिलहरी फारशा परावर्तित होत नाहीत.

खरी गंमत श्वासाबरोबर सुरू होते. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, छातीतील दाब घटतो, पोटातील दाब किंचित वाढतो आणि शिरेतील रक्त हृदयाकडे ओढले जाते. परिणामी शीर आकसते. ती किती आकसेल हे तिच्या भरलेपणावर ठरते. शेतातील लपेटा पाइप पंप चालू असताना टणक गोल असतो आणि पाणी कमी झाले की बोटाच्या स्पर्शानेही चपटा होतो; पातळ भिंतीच्या शिरेचेही तसेच आहे. ती भरलेली असेल तर भिंत ताणलेली असते आणि दाबातील फरकाने रुंदी फारशी बदलत नाही. ती अर्धवट रिकामी असेल तर तिचा छेद लंबगोल होतो आणि तेवढ्याच फरकाने ती जवळजवळ मिटते. रुंदी १.६ सेंटिमीटरवरून ०.६ वर आली, तर आकसण्याचे प्रमाण सुमारे ६२ टक्के झाले. अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रुंदी २.१ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असून शीर निम्म्याहून अधिक आकसत असेल, तर उजव्या अलिंदातील दाब सामान्य, म्हणजे पाऱ्याच्या ० ते ५ मिलिमीटर इतका, मानावा.

येथे नीट पाहिले पाहिजे की या सूचना दाबाविषयी बोलतात, पाण्याविषयी नाही. हृदयाची उजवी बाजू निकामी होत असेल, तर रक्तातील द्रव कमी असूनही शीर फुगलेली दिसते. धडधाकट खेळाडूंची शीर मुळातच रुंद असते, गरोदरपणात गर्भाशयाच्या भाराने ती दबते, आणि व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो तेव्हा श्वासाबरोबर ती आकसण्याऐवजी रुंदावते. ढाक्यात अतिसार झालेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही निर्जलीकरण ओळखण्यासाठी ही मोजणी एकटीने पुरेशी अचूक ठरली नाही.

याहून सूक्ष्म अडचण अशी की, जुलाबात पाणी आणि क्षार दोन्ही जातात व रक्ताचे आकारमान लवकर घटते. पण पाणीच न प्यायलेल्या वृद्धात मुख्यतः पाणी कमी होते, रक्तातील सोडियम वाढते आणि परासरणाने पेशींमधील पाणी बाहेर येऊन रक्ताची तूट बरीचशी भरून काढते. अशा वेळी पेशी कोरड्या पडूनही शीर भरलेली दिसू शकते आणि खरे चित्र रक्तातील सोडियमच्या तपासणीतून कळते. त्यामुळे शिरेचे एक चित्र पाहून शरीरात किती टक्के पाणी आहे ते सांगतो, असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

जाणकार डॉक्टर शिरेसोबत हृदयाचे ठोके आणि फुप्फुसेही सोनोग्राफीवर पाहतात, थोडा द्रव देतात आणि पुन्हा पाहतात. शीर बारीक असून श्वासागणिक मिटत असेल आणि फुप्फुसे कोरडी असतील, तर आणखी द्रव देण्यास सहसा हरकत नसते. शीर रुंद, न हलणारी झाली की ते हात आखडता घेतात.